वरल्या खाचरापासून

आमच्या कंपनीत चालू शिफ्टमध्ये कुणाला टेबलावरून उठवत नाहीत. मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचे, आणि चहाची सुट्टी होईपर्यंत बाहेर काय चाललंय ते कळायचा प्रश्नच नाही. त्यामुळे त्या दिवशी सुपरवायझर साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले, माझ्या हातातला पत्र्याचा जॉब काढून ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "जा, हात धुऊन घे आधी," तेव्हाच कळलं, काहीतरी वाईट घडलंय. घरापासून लांब राहणाऱ्याच्या डोक्यात अशा वेळी पहिली आई येते. माझ्याही आली. पण साहेब म्हणाले, "तुझ्या घरमालकांच्या घरून फोन होता," आणि नळाकडं बोट केलं. मी नळापाशी गेलो. तेलकट हात, साबणाला दाद देईनात… मी धूतच राहिलो. जोपर्यंत हात धुतोय तोपर्यंत कुणी काही सांगणार नाही, असं काहीतरी मनात चाललं होतं. मागं प्रेस मशिनांचा धाडधाड आवाज चालूच होता. तात्या गेले होते.

त्याला आता काही आठवडे झाले. तात्या म्हणजे माझे घरमालक, पिरंगुटजवळच्या उरवड्याचे. मी हिंगोली जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली, गावाकडचा एकजण इकडं पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये होता, त्याच्या मागं आलो, त्याला सहा वर्षं झाली. तात्यांकडं भाड्याच्या दोन-तीन खोल्या, त्यातल्या घराच्या मागल्या अंगाच्या खोलीत मी राहतो. रविवारची पुरवणी मी वाचतो. तीत गेलेल्या माणसांबद्दल लिहून येतं, ती बहुतेक मोठी माणसं असतात. तात्या तसे मोठे नव्हते. उलट गावात त्यांची ओळख भित्रा माणूस अशी. "दुखायला भितंय त्ये," असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि ते खरं होतं. मला त्या भीतीबद्दलच लिहायचंय. कारण ती मी जवळून बघितली, आणि तिच्यापुढं माझं, त्यांच्या बायकोचं म्हणजे काकींचं, त्यांच्या मुलाचं, डॉक्टरांचं, कुणाचंच काही चाललं नाही.

पहिल्या दिवशी खोली बघायला आलो तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. "कुटला रं?" म्हणाले. मी म्हटलं, हिंगोली. "म्हंजी लातूर." मी म्हटलं, नाही तात्या, हिंगोली वेगळं, लातूर वेगळं. "तिकडं समदं येकच," असा निकाल देऊन त्यांनी किल्ली दिली, आणि सहा वर्षं मी त्या घरात लातूर राहिलो. माझ्या बोलण्याची तर त्यांना फार मजा वाटायची. एकदा सहज विचारलं, "काय करायलाव तात्या?" तर हातातलं काम टाकून घरात हाक, "ऐकलं का गं, करायलाव म्हनतंय! आरं, काय करतायसा म्हन की माणसावानी." पुढं कुणी पाहुणा आला की मला बोलावून ते वाक्य म्हणून दाखवायला लावायचे. मला सुरुवातीला वाटायचं, हा माणूस मला हसतोय, आज ना उद्या खोली खाली करायला सांगेल. मला तसं वाटतच असतं. काकी एकदा म्हणाल्या, "आरं, ज्याच्यासंगं जमत न्हाई त्याच्यासंगं ते बोलत बी न्हाईत." तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

तात्या अंगानं दांडगे होते. साठी उलटली तरी भाताचं पोतं एकट्यानं ओट्यावर चढवायचे. रागावले की आवाज गावाच्या त्या टोकाला. पण पायात बारीक काटा गेला की हा माणूस पांढराफटक पडायचा. काकी सुई घेऊन आल्या की गोठ्यामागं जाऊन बसायचे. काटा पिकून आपोआप बाहेर येईपर्यंत लंगडत फिरतील, पण सुई लावू देणार नाहीत. न्हाव्याकडं फक्त कात्री, वस्तरा दिसला की खुर्चीतून उठायचे. दाढ किडून गाल सुजला तरी लवंग चावत दिवस काढले. गावात लस टोचायची गाडी आली त्या दिवशी सकाळीच भाकरी बांधून डोंगराकडं गेले, ते दिवेलागणीला खाली आले. आणि नुसतं स्वतःचं नाही, दुसऱ्याचंही त्यांना सोसायचं नाही. आळीत कुणी कण्हत पडलं असेल तर त्या वाटेनं जायचे नाहीत. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायला माणूस आला की हे ओढ्यावर. ही हसायची गोष्ट होती आणि आम्ही भाडेकरू हसायचोही. मग एकदा मी समोर असताना काकींच्या हातावर गरम तेल उडालं. काकी नुसत्या "आई गं" म्हणाल्या, आणि तात्या बसल्या जागी थरथरायला लागले. कपाळावर घाम, दोन्ही हात कानांवर. काकी भाजलेला हात पाण्यात धरून उलट त्यांनाच समजावत होत्या, "काय न्हाई झालं वो, काय न्हाई झालं…" त्या दिवसानंतर मला हसू आलं नाही.

त्या घरात 'दुखतंय' हा शब्द चालत नव्हता. नव्या भाडेकरूला पाण्याची वेळ, लाइटचं बटण आणि ही गोष्ट काकी एकाच दमात सांगायच्या. त्याऐवजी म्हणायचं, अवघडलंय. डोकं अवघडलंय, दाढ अवघडलीय, पोट अवघडलंय. तात्या स्वतः कुठंही काहीही झालं तरी तेवढंच म्हणायचे, आणि काकींची थट्टा ठरलेली, "आता ह्या वयात अवघडलात व्हय? कितवा म्हैना?" तात्या लाजून म्हणायचे, "तुजं आपलं कायतरीच." आम्हा सगळ्यांच्या तोंडात तो शब्द इतका बसला होता की माझा हात प्रेसमध्ये सापडला, रक्तानं भिजलेलं फडकं गुंडाळून मला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, "खूप दुखतंय का?" तर मी म्हटलं, "हात अवघडलाय, साहेब." डॉक्टरांना वाटलं, पोरगं भ्रमिष्ट झालं.

ते चार वर्षांपूर्वीचं. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पुढची पेरं गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या क्षणाला काही कळलंही नव्हतं. खरं दुखणं सुरू झालं ते नंतर, ड्रेसिंगच्या वेळी. पट्टी जखमेला चिकटून बसते, तिच्यावर औषधाचं पाणी ओततात आणि सावकाश ओढतात… सावकाश ओढतात हेच वाईट. पहिल्या ड्रेसिंगला तात्यांचा मुलगा संदीप मला पिरंगुटला घेऊन जाणार होता, पण त्याला ऐन वेळी कामावर जावं लागलं. मी खोलीत कॉटवर बसून होतो. ताप होता. आईला काही कळवलं नव्हतं. एवढ्या मोठ्या मुलखात आपलं कुणी नाही असं वाटून मला रडू येत होतं. तेवढ्यात दारात तात्या. दारातच, आत नाही. तात्या माझ्या खोलीत कधी आले नाहीत. बोलायचं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून. "आत या की तात्या," म्हटलं की "हितंच बरं हाय." मला वाटायचं, आपण बाहेरचे, खोलीला आपल्या तेलकट कपड्यांचा वास, म्हणून येत नसतील. मी फरशी पुसून ठेवायचो, एक खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. तर त्या दिवशी बाहेरूनच म्हणाले, "चल. स्कूटर काडलीया."

मला वाटलं, दवाखान्याबाहेर थांबतील. पण ते माझ्या मागोमाग आत आले. तोंडाचा रंग माझ्यापेक्षा त्यांचाच उडालेला. सिस्टरनी पट्टीला हात लावला तसा त्यांनी माझा चांगला हात दोन्ही हातांत धरला, डोळे गच्च मिटले आणि शेतात हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "वरलं!" सिस्टर दचकल्या. "उंबराचं! म्हसोबाचं! म्हन की रं माज्यासंगं… वाकडं! जावयाचं!" सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, काय होतंय तुम्हाला?" तर डोळे न उघडता, "तुमी तुमचं काम करा बाई, आमी आमचं करतो. गाळाचं! कोंडीचं! ओढ्याचं! पुन्यांदा, वरल्यापासनं…" मीही म्हणायला लागलो. काय म्हणतोय ते मला माहीत नव्हतं. पट्टी निघाली तेव्हा दोघंही घामानं ओले झालो होतो आणि सिस्टर विचारत होत्या, "पेशंट नक्की कोण आहे?" बाहेर येऊन तात्या भिंतीला टेकून खाली बसले, खूप वेळ उठले नाहीत. मला वाटलं, झालं, आता परत येणार नाहीत. पण पुढच्या ड्रेसिंगला स्कूटर दारात होती. प्रत्येक ड्रेसिंगला होती.

ती त्यांच्या खाचरांची नावं होती. आमच्याकडं सोयाबीन, ज्वारी. रान म्हणजे रान, फार तर 'विहिरीकडलं' म्हणू. इकडं भाताच्या प्रत्येक खाचराला माणसासारखं नाव. घराच्या मागं चढावर वरलं, तिथून पायऱ्यांसारखी एकेक खाली उतरत ओढ्यापर्यंत. जावयाचं म्हणजे तात्यांच्या आजोबांनी जावयाला देऊ केलेलं, आणि तो जेवणावरून रुसून गेला म्हणून घरातच राहिलेलं. हे सगळं मला पिरंगुटच्या वाटेवर स्कूटरवर मागं बसून कळलं. बहुतेक खाचरं आता नाहीत. उंबराच्यावर गोडाऊन आहे, वाकड्यावर आणि जावयाच्यावर मिळून बंगल्यांची स्कीम. तात्या नावं घेताना मात्र विकलेलं आणि राहिलेलं असा फरक करायचे नाहीत. क्रम तेवढा सोडायचा नाही. वरल्यात पाणी भरलं की बांधाला तोंड पाडायचं, मग ते उंबराच्यात उतरणार, तिथून म्हसोबाच्यात… पाणी जसं जातं तशी नावं जाणार.

त्याच दिवसांत त्यांनी माझ्या आईशी फोनवर बोलणं केलं. माझ्याच्यानं होईना. तात्या म्हणाले, "आन हिकडं," आणि आईला सांगितलं, "पोराचं बोट जरा अवघडलंय. काळजी करू नगा, आमी हाय." आईला बोट अवघडणं म्हणजे काय ते समजलं नाही, पण 'आमी हाय' समजलं. ती अजून त्या वाक्याची आठवण काढते.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण पुढं जे झालं ते कळायला हे माहीत पाहिजे. दोन पावसाळ्यांपूर्वी तात्या दुपारी सारखे आडवे व्हायला लागले. लावणीत वाकले की हात जांघेत. विचारलं की, "अवघडलंय." शेवटी काकींनी धसाला लावलं तेव्हा दिसलं, जांघेत लिंबाएवढा गोळा. झोपून दाबला की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर. संदीपनं दमदाटी करून पौडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, हा हर्निया आहे, छोटं ऑपरेशन आहे, पाठीत इंजेक्शन दिलं की काही कळणार नाही. पण आतडं त्यात अडकून पडलं तर जिवावर बेतेल. तात्यांनी त्यातलं एकच ऐकलं, पाठीत इंजेक्शन. घरी आल्यावर पट्टा बांधायला लागले. गोळा मोठा होत गेला तसा पट्टा घट्ट होत गेला. लिंबाचा पेरू झाला. हे सगळं आम्हाला दिसत होतं, आणि आम्ही रोज बघत होतो.

संदीपनं एकदा सगळं ठरवून टाकलं. कोथरूडला दवाखाना, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, आदल्या दिवशी भरती. तात्या निमूट गाडीत बसले. आम्हाला वाटलं, सुटलो. सकाळी संदीप चहा आणायला खाली उतरला आणि वर आला तर पलंग रिकामा. इकडं मी कामावर निघालो होतो, तर काकींची हाक, "आरं लातूर, हिकडं ये, बघ तरी!" कोंडीच्या खाचरात तात्या उभे. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, तो कमरेला खोचलेला, आणि फावड्यानं बांधाचं तोंड मोकळं करतायत. "डाक्टरचा झगा घालून पानी धराया आलाय ह्यो मानूस!" काकी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. बसनं तसेच आले होते म्हणे. जवळ गेलो तर हाताला सलाईनची सुई चिकटपट्टीसकट तशीच. पळून आले, पण ती उपसायची हिंमत झाली नव्हती.

ती सुई काढायलाही ते तयार होईनात. गावातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं. तात्या बांधावर बसले, मी त्यांचा हात धरला, आणि पहिल्यांदाच त्यांच्यासाठी मी सुरू केलं, वरलं, उंबराचं… घाबरलो होतो, त्या घाबरण्यात म्हसोबाचं राहून गेलं आणि मी वाकडं म्हणालो. तात्यांनी खाडकन डोळे उघडले. "येडा हायेस का रं? उंबराच्यातनं वाकड्यात कसं जाईल? मधी म्हसोबाचं हाय ना! पानी उडी मारतंय व्हय?" म्हटलं, चुकलं तात्या. मग परत घाबरून उलटंच, "ओढ्याचं, कोंडीचं…" तर आणखी भडकले, "पानी वर चढतंय व्हय रं तुमच्या लातुरात?" तेवढ्यात नर्सबाई कापूस दाबून म्हणाल्या, "झालं." तात्या हाताकडं बघतच राहिले. "निघाली?" "कवाच." लहान पोराला पहिल्यांदा पोहता आल्यावर तोंडावर जे येतं ते त्यांच्या तोंडावर आलं.

मला त्या दिवशी फार आशा लागली. मी रोज मागं लागलो. एकदा ओट्यावर धीर करून म्हटलं, "तात्या, माझ्या वेळी तुम्ही हात धरला. आता मी धरतो. दारापर्यंत येतो, आत सोडत असतील तर आत येतो. नावं म्हणू." तात्यांनी समोरच्या गोडाऊनच्या पत्र्याकडं बघितलं. मग हळू म्हणाले, "तू धरशील रं. न्हाई म्हनत न्हाई मी. पर अवघडायचं त्ये मलाच ना?" मी त्यांचा हात कितीही घट्ट धरला असता तरी आतलं आतच राहणार होतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते माझ्याबरोबर आले होते, प्रत्येक वेळी… संदीप ओरडून बघायचा, काकी जेवण सोडून बसायच्या. तात्या त्यांच्यापुढं ताट सरकवायचे, हात जोडायचे, "समदं सांग, त्येवडं सांगू नगंस." एवढा दांडगा माणूस हात जोडतो तेव्हा त्याला काय करायचं? उचलून तर नेता येत नाही.

यंदा भात काढून झालं होतं. मला दुसरी शिफ्ट, म्हणून सकाळी घरी होतो. तात्या ओट्यावर येऊन काकींना म्हणाले, "आज जरा अवघडलंय." काकींनी विचारलं, "किती?" तर "रोजच्यावानी." काकी चहा देऊन आपल्या कामाला लागल्या. काय करणार? काटा रुतला तरी तोच शब्द, दाढ ठणकली तरी तोच, आणि त्या सकाळीही तोच. त्यातून कुणाला काय ओळखू येणार होतं. दुपारच्या आधी मी नळावर कपडे धूत होतो. पडवीतून हाक आली, "लातूर…" आवाज वेगळा होता. गेलो तर तात्या जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. गोळा दगडासारखा, वर लाल. माझ्याकडं बघून म्हणाले, "लातूर, दुखतंय रं."

घरात पळी पडल्याचा आवाज झाला. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून तो शब्द त्यांनी त्या तोंडून ऐकला नव्हता. संदीपनं गाडी काढली, काकी पुढं, मागं तात्या आडवे, डोकं माझ्या मांडीवर. पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत ठीक गेलो आणि भूगावला अडकलो. नेहमीची गर्दी. पुढं लग्नाची वऱ्हाडं, डंपर, मध्येच घुसलेल्या गाड्या. संदीप हॉर्नवरून हात काढत नव्हता, अधूनमधून खाली उतरून लोकांच्या हातापाया पडत होता. आणि तात्या ओरडत होते. एवढी वर्षं जे त्यांनी दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम बाहेर यावं तसे ओरडत होते. काकींनी पुढच्या सीटवर कान झाकून घेतले. मी सुरू केलं, वरलं, उंबराचं… ते ऐकेनात. मग मला बांधावरची ती सुई आठवली. मी मुद्दाम म्हटलं, "वाकडं." तात्यांचं ओरडणं मध्येच थांबलं. "म्हसोबाचं… म्हसोबाचं ऱ्हायलं, येड्या." मी परत चुकलो. जावयाच्या आधी गाळाचं घेतलं. त्यांनी दात खाऊन दुरुस्त केलं. शिव्या दिल्या. मी चुकत राहिलो, ते दुरुस्त करत राहिले, गाडी पावला-पावलानं सरकत राहिली. मध्येच म्हणाले, "किती शिकीवलं तुला… डोस्क्यात काय भुस्सा भरलाय का?" आणि मी म्हटलं, "हाव तात्या, भुस्साच हाय." चांदणी चौकाचा पूल दिसायला लागला तेव्हा मी ओढ्याचं म्हणून लगेच कोंडीचं म्हटलं. पाणी खालून वर. आणि थांबलो. तात्यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडंच बघत होते. पण ते काही बोलले नाहीत. मी परत म्हटलं, "ओढ्याचं… कोंडीचं…" काही नाही. मग मी घाईघाईनं सगळं बरोबर म्हणून टाकलं, वरल्यापासून ओढ्यापर्यंत, क्रमानं, एकदाही न चुकता.

दवाखान्यात स्ट्रेचर आत नेताना सिस्टरनं विचारलं, पेशंटबरोबर कोण? तात्यांचे ओठ हलले. मला वाटतं, लातूर म्हणाले. काकी म्हणतात, नाही, पाणी म्हणाले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. आतडं काळं पडलं होतं, विष अंगात भिनलं होतं. "आधी आणलं असतं तर…" संदीपकडं बघत म्हणाले. तात्या परत शुद्धीवर आले नाहीत. काचेतून दिसायचे. हातात सुया, नाकात नळी, घशात नळी… ज्या ज्या गोष्टीला ते जन्मभर भ्याले ती एकेक त्यांना लावलेली. आणि चेहरा अगदी शांत. माझी सुट्टी संपली म्हणून मी कामावर आलो, आणि साहेबांनी मला हात धुवायला सांगितलं.

तेरावं झाल्यावर एका दुपारी काकी माझ्यासाठी ताटलीत लाडू घेऊन आल्या आणि आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची मी तात्यांसाठी आणली होती, असं मी सहज म्हणालो. त्यांना वाईट वाटावं म्हणून नाही. काकी खोलीच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाल्या, "ते हितं कसं येतील? ही सासूबाईंची खोली. तितं खाट व्हती त्यांची. पोटात गाठ झालती. तवा कुटलं आलंया औशीद… दिसभर वरडायच्या. ह्ये केवडंसं पोर. कुनी त्यास्नी मामाकडं बी न्हेलं न्हाई. मग सासरं त्यास्नी घिऊन वरल्या खाचराच्या बांधावर जाऊन बसायचं. म्हनायचं, म्हन, वरल्यापासनं म्हन. जोरात म्हन." मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? "त्यांनीच. लग्नानंतर येकदाच. म्हनलं, मी लई वरडून म्हनायचो, पर तितं बी आवाज यायचा." मग काकी उठल्या आणि ताटली तशीच ठेवून गेल्या.

मी अजून त्याच खोलीत राहतो. संदीप म्हणाला, राहा, कुठं जाणार. थंडी पडली आहे, आणि थंडीत माझ्या बोटांची थोटकं ठणकतात, नसलेल्या पेरांसकट. मी आता 'दुखतंय' म्हणू शकतो, घरात कुणी कानांवर हात ठेवणारं राहिलेलं नाही. पण तोंडात तो शब्द येत नाही. कामावरून आलो की दार उघडं ठेवून कॉटवर बसतो, हात मांडीवर घेतो आणि सुरू करतो. वरलं. उंबराचं. मग म्हसोबाचं सोडून वाकडं म्हणतो आणि थांबतो. उंबऱ्याकडं बघतो…

मग परत वरल्यापासून.